लिहू पाहणाऱ्या वाचकांनो, या चुका टाळा

नवोदितांची हस्तलिखिते वाचून त्यांवर अभिप्राय देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. माणसे बदलतात, त्यांची वये आणि व्यवसाय बदलतात, चुका मात्र त्याच राहतात. यांतले बहुतेक जण मुळात चांगले वाचक असतात आणि नेमक्या त्याच कारणाने त्यांच्या चुका एका ठरावीक जातीच्या असतात. काहीही न वाचता लिहायला बसणाऱ्यांविषयी येथे बोलण्याचे कारण नाही. त्यांना काय सांगायचे ते एका वाक्यात सांगून होते. अवघड गाठ पडते ती वाचनाचे सुख आणि लेखनाची इच्छा या दोन्ही बाजूंनी ओढल्या जाणाऱ्यांशी. हे लोक एक तर लेखक होण्यासाठी वाचनाचे सुख गमावून बसतात, किंवा वाचनाच्या आडोशाला राहून लेखन टाळत राहतात. दोन्हींचा शेवट एकच होतो: कागदावर जे उतरते ते चांगले की वाईट, हे त्यांना स्वतःला कळेनासे होते.

पहिल्याच वाचनाला पेन्सिल घेऊन बसणे

या चुकीवर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण ती मेहनती माणसे करतात आणि तिला अभ्यास असे नाव देतात.

एक तरुण माझ्याकडे कथा घेऊन आला होता. कथेबरोबर त्याने एक जाड वहीही आणली होती, आणि कथेपेक्षा वहीचा त्याला अधिक अभिमान होता. लेखक व्हायचे ठरवल्यापासून त्याने एकही पुस्तक रंगीत पेनांशिवाय वाचले नव्हते. संवादांना एक रंग, वर्णनांना दुसरा, भूतकाळात जाणाऱ्या प्रसंगांना तिसरा. प्रत्येक कादंबरीचा तक्ता तयार होता: संघर्ष कोणत्या पानावर सुरू होतो, निवेदक कोठे बदलतो, प्रकरण कोणत्या प्रकारच्या वाक्यावर संपते. त्याची स्वतःची कथा या सगळ्या तक्त्यांना तंतोतंत उतरली होती. ती घटनेच्या मध्यावर सुरू होत होती, प्रत्येक प्रसंगात कोणाला तरी काहीतरी हवे होते आणि कोणीतरी आडवे येत होते, शेवटी कलाटणीही होती. असे असूनही तिसऱ्या पानानंतर ती पुढे वाचावी असे मला वाटेना, आणि का वाटेना हे मी सांगू लागलो तेव्हा तो प्रत्येक आक्षेपाला वहीतला दाखला देऊ लागला.

मी त्याला विचारले की, रात्र किती झाली याचे भान राहिले नाही असे शेवटचे पुस्तक कोणते. त्याने शाळेत असताना वाचलेल्या पुस्तकाचे नाव घेतले. त्यानंतर वाचलेल्या पुस्तकांची यादी लांबलचक होती आणि त्यांतल्या प्रत्येकाची बांधणी त्याला पाठ होती. पण कोणते आवडले या प्रश्नावर तो रचनेविषयीच बोलत राहिला. मी त्याला काही महिने पेन न घेता, मन जाईल ते वाचायला सांगितले, आणि काय वाचले हे मला सांगायचे नाही अशी अटही घातली. तो नाराज होऊन गेला, कारण त्याला पद्धत हवी होती आणि मी त्याला सुट्टी देत होतो. पुढे तो आला तेव्हा त्याची नवी कथा पहिल्यापेक्षा ओबडधोबड होती, तिच्यात दोन प्रसंग सरळ सरळ अनावश्यक होते. परंतु दोन भावांमधल्या वाटणीच्या बोलण्याचा जो भाग होता तो मी न थांबता वाचला. त्याहून महत्त्वाचे असे की, ते अनावश्यक प्रसंग मी दाखवण्याआधीच त्याने दाखवले. ‘येथे माझाच मला कंटाळा येतो,’ असे तो म्हणाला. हे वाक्य त्याच्या वहीतल्या कोणत्याही तक्त्यातून आले नसते.

लेखकाजवळ स्वतःचे लेखन पारखण्याचे दुसरे कोणतेही साधन नसते. वाचताना आपण कोठे गुंतलो, कोठे सैलावलो, कोठे पान उलटून पुढे किती उरले ते पाहिले, या अनुभवाचा जो साठा मनात असतो त्यावरच आपला मसुदा तपासला जातो. पहिल्याच वाचनात खुणा करणारा माणूस हा अनुभव घेतच नाही. तो पुस्तकाच्या बाहेर उभा राहून नोंदी करतो, आणि कालांतराने त्याला तेवढेच जमते. डोरोथिया ब्रँड या अमेरिकन लेखिकेने 1934 मध्ये लेखक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात हाच क्रम सांगितला आहे: प्रत्येक पुस्तक दोनदा वाचा, पहिल्यांदा केवळ आनंदासाठी, जणू त्या पुस्तकाचे आपण काहीही देणे लागत नाही अशा रीतीने, आणि चिकित्सा दुसऱ्यांदा. सल्ला इतका जुना आणि इतका साधा असूनही तो पाळणारे फार थोडे भेटतात, कारण दोनदा वाचायला वेळ लागतो.

माझी स्वतःची सवय अशी आहे की, पहिले वाचन रिकाम्या हातांनी करायचे. एखाद-दोन दिवसांनी पुस्तक बंद ठेवूनच आठवेल ते अर्ध्या पानात लिहायचे: कोठे सरसावून बसलो, कोठे लक्ष उडाले, कोणते माणूस पुस्तक मिटल्यावरही बोलत राहिले. नंतर पुस्तक उघडायचे ते फक्त त्या जागांसाठी. सगळ्या पुस्तकाचा तक्ता करण्याची गरज मला आजवर पडलेली नाही. जी जागा आठवली नाही तिचे तंत्र कितीही कुशल असले, तरी ते माझ्या उपयोगाचे नव्हते असे मी समजतो.

‘आणखी थोडे वाचतो, मग लिहितो’

ही दुसरी चूक पहिलीच्या नेमकी उलट बाजूची आहे आणि ती अधिक सभ्य दिसते. वाचणाऱ्या माणसाला आळशी कोणी म्हणत नाही, त्यामुळे ती वर्षानुवर्षे लपून राहते.

एका जुन्या कालखंडावर कादंबरी लिहू इच्छिणाऱ्या एका बाईंची तयारी पाहून मी थक्क झालो होतो. इतिहासग्रंथ, पत्रसंग्रह, प्रवासवर्णने, त्या काळावरच्या इतरांच्या कादंबऱ्या, आणि या सगळ्यांतून काढलेल्या टिपणांच्या चिठ्ठ्यांनी भरलेले खोके. कपडे, वजने-मापे, करपद्धती, प्रत्येकाला वेगळा कप्पा होता. मी लिहिलेले पान मागितले तेव्हा पान नव्हते. अजून दोन संदर्भग्रंथ मिळायचे आहेत, ते वाचून झाले की सुरुवात, असे त्यांचे म्हणणे होते; आणि मागच्या भेटीतही त्यांनी असेच दोन ग्रंथ सांगितले होते, फक्त ते वेगळे होते.

मी त्यांना चिठ्ठ्या न पाहता एकच प्रसंग लिहायला सांगितला. जेथे माहिती लागेल तेथे चौकोन काढून पुढे जायचे, थांबायचे नाही. त्यांनी रात्री उशिरा घरी परतणाऱ्या एका माणसाचा प्रसंग लिहिला. चौकोन अनेक निघाले, आणि गंमत अशी की, त्यांतल्या बहुतेकांची उत्तरे खोक्यात नव्हती. दार आतून कशाने लावत, उजेडासाठी हातात काय धरत, त्या वेळी कोण जागे असे, परतणाऱ्याने आवाज दिला तर तो कोणत्या नावाने दिला असेल. करपद्धतीवरची एकही चिठ्ठी त्या प्रसंगाला लागली नाही. यानंतर त्यांचे वाचन थांबले नाही, पण वाचायला बसताना आता त्यांच्याजवळ प्रश्न असत. पहिले प्रकरण त्या चौकोनांसहच पूर्ण झाले. काय वाचायला हवे हे लिहिल्याशिवाय कळत नाही, आणि आधी सगळे वाचून घेऊ म्हणणाऱ्याला वाचनाचा शेवट कधीच सापडत नाही.

यावर माझा उपाय वेळेच्या क्रमाचा आहे. दिवसाचे लेखन आधी, वाचन नंतर. ब्रँड यांचा आग्रह याहून कडक होता: नेहमीपेक्षा अर्धा-एक तास लवकर उठावे, आणि कोणाशी न बोलता, वर्तमानपत्र न उघडता, रात्री बाजूला ठेवलेले पुस्तकही हाती न घेता लिहायला बसावे. पहाटेचा हट्ट मी धरत नाही. दिवसभराची नोकरी असणाऱ्याने रात्री लिहिले तरी चालेल. मात्र त्या बैठकीत दुसऱ्याचे छापील वाक्य डोळ्यांपुढे येण्याआधी स्वतःची चार वाक्ये कागदावर आलेली असावीत. चांगले पुस्तक वाचून झाल्यावर एक तृप्ती येते, आणि तृप्त माणूस टेबलाशी बसत नाही. ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीचे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी आपल्या उमेदवारीच्या दिवसांविषयी लिहिताना सांगितले आहे की, त्यांच्या खिशात नेहमी दोन पुस्तके असत, एक वाचायचे आणि एक लिहायची वही. नवोदितांच्या खिशात हल्ली दोन्ही वाचायचीच असतात, आणि तीही एकाच फोनमध्ये.

आवाज उसना येतो म्हणून वाचन बंद करणे

ज्याचे पुस्तक नुकतेच वाचले त्याच्यासारखी वाक्ये आपल्या हातून उतरू लागतात. हे सर्वांना होते आणि यात दोष काही नाही. दोष आहे तो घाबरून केलेल्या उपायात. ‘कादंबरी पूर्ण होईपर्यंत मी काहीही वाचणार नाही, नाहीतर माझी शैली बिघडेल,’ असे सांगणारे मला दरवर्षी भेटतात. शैली अजून तयार व्हायची आहे ती बिघडणार कशी, हे विचारले की राग येतो. शिवाय वाचन बंद केल्याने डोके रिकामे होत नाही. त्यात पूर्वी कधीतरी वाचलेले आणि पडद्यावर ऐकलेले संवाद असतातच, आणि मग तेच झिरपतात. अनोळखी उसनेपणापेक्षा ओळखीचा उसनेपणा बरा, कारण तो दिसतो आणि काढता येतो.

नक्कल व्हायचीच असेल तर ती जाणूनबुजून करावी. स्टीव्हन्सन यांनी तेच केले. आवडलेला उतारा वाचून लगेच त्यासारखे लिहायला बसत, फसत, पुन्हा बसत, पुन्हा फसत. आणि या फसण्यातूनच लय, मेळ आणि वाक्यांची जुळणी यांचा सराव झाला असे त्यांनी 1887 च्या निबंधसंग्रहात मोकळेपणाने लिहिले. अमेरिकन मुत्सद्दी आणि लेखक बेंजामिन फ्रँकलिन यांची रीत तर मला याहून आवडते. त्यांच्या हाती लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकाचा एक सुटा खंड आला. तो त्यांनी पुन्हा पुन्हा वाचला आणि त्यांना अतिशय आनंद झाला; क्रम लक्षात घ्या, आनंद आधी. मग प्रत्येक वाक्याच्या आशयाची छोटी टिपणे काढली, ती काही दिवस बाजूला ठेवली, आणि मूळ न पाहता तो लेख स्वतःच्या शब्दांत पुन्हा उभा करून मुळाशी ताडून पाहिला. शब्दसंग्रह तोकडा पडतो असे दिसल्यावर गोष्टी पद्यात उतरवल्या आणि मूळ विसरल्यावर त्या पुन्हा गद्यात आणल्या. कधी टिपणांची सरमिसळ करून काही आठवड्यांनी त्यांचा योग्य क्रम लावण्याचा प्रयत्न केला. यात मधले काही दिवस वाट पाहणे हा मुख्य भाग आहे, आणि आजचा नवोदित नेमका तोच भाग गाळतो. सकाळी वाचून दुपारी पुन्हा लिहिले तर ती स्मरणशक्तीची परीक्षा होते. विसर पडल्यावर जे लिहिले जाते त्यात आपल्या भाषेची खरी कुवत उघडी पडते.

मसुदा चालू असताना मी स्वतः वाचन सोडत नाही, फक्त प्रकार बदलतो. कथा लिहीत असलो तर प्रवासवर्णन, चरित्र, विज्ञान. लेख लिहीत असलो तर कविता. एवढे पुरते.

काही चुकांवर फार शब्द खर्च करण्यासारखे नाही. आपला पहिला खर्डा दुसऱ्याच्या छापील पुस्तकाशी ताडून पाहू नका. त्या पुस्तकाचा पहिला खर्डा तुम्ही पाहिलेला नाही. केवळ ज्या प्रकारात लिहायचे तेवढेच वाचू नका. लेखन कसे करावे यावरची पुस्तके एकामागून एक वाचत सुटू नका; एक किंवा दोन पुरेत, आणि त्यांतलेही निम्मे विसरलात तर बिघडत नाही. न आवडलेले पुस्तक हट्टाने पूर्ण करू नका, परंतु कोणत्या पानावर सोडले आणि त्याआधीच्या पानावर काय घडले, एवढे मात्र पाहून ठेवा. आवडलेल्या दहा पुस्तकांपेक्षा सोडलेले एक पुस्तक कधीकधी अधिक शिकवते. सध्या काय खपते ते पाहण्यासाठी वाचणाऱ्यांना एवढेच सांगतो की, आज दुकानात दिसणारे पुस्तक बऱ्याच काळापूर्वी लिहिले गेलेले असते.

वर्षाला अमुक इतकी पुस्तके, हा आकडा मात्र एका ओळीत सोडवत नाही. आकडा ठरला की जाड पुस्तके टाळली जातात, संथ पुस्तके टाळली जातात, आणि आवडलेले पुस्तक पुन्हा वाचणे म्हणजे नुकसान वाटू लागते. मग ऑडिओबुक दुप्पट वेगाने ऐकले जाते, कादंबरीचा सारांश वाचून कादंबरी वाचल्याचे समाधान मानले जाते. ऐकण्याला माझा विरोध नाही. चांगला वाचक मोठ्याने वाचत असेल तर वाक्याची लय डोळ्यांपेक्षा कानांना लवकर कळते. पण तीच लय वेग वाढवून चिरडायची असेल तर ऐकलेच कशाला? सारांशातून कथानक कळते. एक वाक्य दुसऱ्याला कसे पुढे ढकलते, लेखकाने कोठे माहिती रोखून धरली, कोणते दृश्य लांबवले आणि कोणते एका शब्दात उरकले, हे कळत नाही. आणि लिहू पाहणाऱ्याला शिकायचे ते तेवढेच असते. घाई असणाऱ्यांनी कमी वाचावे. ते चालेल.

स्वतःचा मसुदा लेखक म्हणूनच वाचत राहणे

वाचनाचे सुख टिकवा असे मी इतके का सांगतो ते येथे उपयोगाला येते. बहुतेक नवोदित आपला मसुदा वाचतात तेव्हा शब्द दुरुस्त करीत वाचतात. पहिल्या परिच्छेदात विशेषण बदलले, दुसऱ्यात स्वल्पविराम हलवला, आणि अशा तऱ्हेने शेवटापर्यंत पोहोचले. पूर्ण कथा एकदाही वाचली गेलेली नसते. तिसऱ्या आणि सातव्या पानावर एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे, मधली चार पाने कोणीही उचलून टाकली तरी काही कमी होणार नाही, हे त्यामुळे कधी लक्षातच येत नाही.

मसुदा काही आठवडे बाजूला ठेवा. मग त्याचे रूप बदला: पडद्यावर लिहिला असेल तर छापून घ्या, फॉन्ट वेगळा घ्या, नेहमीच्या टेबलापासून दूर, जेथे तुम्ही सुखासाठी वाचता त्या जागी बसा. हातात पेन नको. एका बैठकीत वाचा आणि जेथे लक्ष उडाले तेथे पानाचा कोपरा फक्त दुमडा, थांबू नका. कारणे नंतर शोधता येतात. त्यानंतरचे वाचन मोठ्याने करा. अडखळलात ती जागा जवळजवळ नेहमी लेखनातल्या चुकीची असते, जिभेची क्वचित. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहीत ही गोष्ट शिस्तीचे कौतुक करणारे सगळे सांगतात, पण त्यांच्याच आत्मचरित्रातला पुढचा तपशील गाळतात: दिवसाच्या कामाची सुरुवात ते आदल्या दिवशीचे लेखन वाचून करीत, त्याला अर्धा तास जाई, आणि त्या वाचनात मुख्यतः शब्दांचा आणि वाक्यांशांचा नाद कानाने तोलून पाहिला जाई. इतक्या वेगाने लिहिणाऱ्या माणसाला हा अर्धा तास परवडत होता. दिवसाला दोन पाने लिहिणाऱ्यांना तो परवडत नाही असे ते मला सांगतात.

गोडी गेली असेल तर

लिहायला लागल्यापासून वाचवत नाही, प्रत्येक पानावर टाके दिसतात, ही तक्रार खरी आहे आणि काही काळ ती प्रत्येकाच्या वाट्याला येते. यावर अधिक विश्लेषण करू नका. आपण कधीही लिहिणार नाही अशा प्रकारचे पुस्तक घ्या. रहस्यकथा न लिहिणाऱ्याने रहस्यकथा घ्यावी. मुलांची पुस्तके घ्या. जवळच्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, कारण ऐकणारा समोर असला की टाके पाहायला सवड राहत नाही. त्या पुस्तकाविषयी कोठेही काही लिहू नका, मत देऊ नका. काही जणांना या काळात असेही कळते की, आपल्याला लिहायचे नव्हतेच, वाचनावरच्या प्रेमाने आपण इकडे ओढले गेलो. असे सांगायला येणाऱ्यांचे चेहरे पडलेले असतात. मला मात्र त्यांचे अभिनंदन करावेसे वाटते आणि मी ते करतो. लेखकांची संख्या वाढावी म्हणून कोणी स्वतःवर सक्ती करावी, इतकी लेखकांची टंचाई नाही.

ज्यांना लिहायचेच आहे त्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. सर्वांत आवडते पुस्तक अभ्यासाला काढू नये. तंत्र शिकण्यासाठी मध्यम प्रतीची, आवडलेली पण जीव न जडलेली पुस्तके उत्तम, कारण त्यांचे सांधे सहज दिसतात आणि ती सुटी केल्याचे दुःख होत नाही. माझ्याकडे अशी काही पुस्तके आहेत की, त्यांची बांधणी कशी आहे हे कोणी विचारले तर मला सांगता येत नाही. नवोदितांना ती मी कधी नेमत नाही, आणि कोणी आपणहून त्यांच्यावर टिपणे काढून आणली तर वाचायला घेत नाही.